लेअर कापल्यावर तळाशी किती उरतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच दिसेल.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या तुमच्या युनिटमध्ये ३००० लिटरचा रिॲक्टर आहे. क्वेंच झाल्यावर (पाणी घालून रिॲक्शन थांबवल्यावर) वर १५०० लिटर टोल्युइन हे सॉल्व्हंट, त्यात ३०० किलो माल, आणि खाली मिठाचं पाणी. ते पाणी काढून, म्हणजे लेअर कापून, तुम्ही बोअरच्या पाण्याचे ५०० लिटरचे तीन वॉश देता. दर वेळी इंटरफेस (दोन थरांमधली सीमा) जवळ आला की माल जाऊ नये म्हणून बॉटम व्हॉल्व्ह बंद करता आणि साधारण १०० लिटर पाणी आत राहतं. टोल्युइन उडवल्यावर मालात क्लोराइड २३० ते २९० पीपीएम (किलोला मिलिग्रॅम) येतं. मर्यादा १०० ची आहे. वरिष्ठांचं म्हणणं, वॉश १००० लिटरचे करा. ईटीपीवाले (सांडपाणी प्रक्रियेचे लोक) जास्त पाणी घ्यायला तयार नाहीत. तेव्हा किती पाण्याने धुवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं पाण्याचा आकडा इथे दुय्यम आहे. खाली सोडलेल्या पाण्याबरोबर गेलेलं मीठ गेलं, त्याचा आता विचार नको. मालात येतं ते आत राहिलेल्या पाण्यातलं मीठ. टोल्युइन उडवताना पाणी त्याच्याबरोबर ॲझिओट्रोप होऊन (दोन्ही एकत्र उकळून) ८४-८५ अंशांना निघून जातं, मीठ मात्र कुठेही जात नाही, ते मालातच बसतं. म्हणून पहिला प्रश्न असा: लेअर कापल्यावर आत खरंच किती पाणी उरतं, आणि त्या पाण्यात काय असतं?

हिशेब सोपा आहे. उरलेलं पाणी भागिले (उरलेलं अधिक नवीन घातलेलं), हा एका वॉशनंतर शिल्लक राहणारा हिस्सा. तुमच्याकडे १०० भागिले ६००, म्हणजे एक षष्ठांश. तीन वॉशनंतर एक षष्ठांशाचा घन, म्हणजे २१६ वा भाग. पहिल्या मिठाच्या पाण्यात लिटरला ६० ग्रॅम क्लोराइड धरू. साधारण १० टक्के मिठाच्या पाण्यात एवढं असतं. आत राहिलेल्या १०० लिटरमध्ये ६००० ग्रॅम क्लोराइड. त्याचा २१६ वा भाग सुमारे २८ ग्रॅम. ३०० किलो मालावर हे ९३ पीपीएम होतात. म्हणजे कागदावर तुम्ही कसेबसे पास व्हायला हवे होता.

मग उरलेले एकशेचाळीस ते दोनशे पीपीएम येतात कुठून? माझा पहिला संशय बोअरच्या पाण्यावर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातसुद्धा क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरला ५०० मिलिग्रॅम आहे असं समजा. शेवटच्या वॉशनंतर आत राहिलेल्या १०० लिटरमध्ये त्याचेच ५० ग्रॅम क्लोराइड असणार. ३०० किलोवर ते १६६ पीपीएम. दोन्ही मिळून २६० च्या आसपास, तुमच्या रिझल्टच्या बरोबर मधोमध. बोअरचा आकडा मी गृहीत धरलाय, तो तुम्ही मोजायचा आहे. पण मेळ इतका जुळतो की आधी तिकडेच बघा.

आता वरिष्ठांचा उपाय तपासू. १०० लिटर मागे ठेवून १००० लिटरचे तीन वॉश दिले तर दर वेळी अकरावा हिस्सा राहतो, तीन वेळा मिळून १३३१ वा. बॅचचं क्लोराइड साडेचार ग्रॅमवर येईल, उत्तम. पण बोअरचे ५० ग्रॅम तसेच राहतील, कारण शेवटी आत राहणारं १०० लिटर पाणी बोअरचंच आहे. बेरीज १८० पीपीएमच्या वर. तिप्पट पाण्यानेही हे खाली येणार नाही. ३००० लिटर एफ्लुएंट (सांडपाणी) आणि बॅच तरीही नापास.

उलट, मागे राहणारं पाणी २० लिटरवर आणा आणि वॉश फक्त २०० लिटरचे द्या. २० भागिले २२०, पुन्हा तोच अकरावा हिस्सा. सुरुवातही ६००० ऐवजी १२०० ग्रॅमपासून होते. तीन वॉशनंतर बॅचचं क्लोराइड एक ग्रॅमच्या आत. पहिले दोन वॉश बोअरचे आणि शेवटचा डीएम पाण्याचा (क्षार काढलेल्या पाण्याचा) ठेवलात तर बोअरकडून आलेलंही एक ग्रॅमच्या आत राहतं. एकूण ६ पीपीएम, आणि पाणी तीन वॉशचं मिळून ६०० लिटर. २० लिटर जमलं नाही, ४० वर अडलात, तरी याच पद्धतीने ५० पीपीएमच्या आत बसता. फक्त शेवटचा वॉश डीएम पाण्याचा केला आणि १०० लिटर मागे ठेवणं सुरूच ठेवलं, तर १२० येतात. म्हणजे दोन्ही गोष्टी बदलायला लागतील.

तांदूळ धुताना आधीचं पाणी निथळून न टाकता वर नवीन ओतत राहिलं तर किती वेळा पांढरं पाणी येतं, ते घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. रिॲक्टरला स्टीलचं कवच असल्यामुळे ते दिसत नाही, एवढंच.

हे आकडे मान्य करण्याआधी तुमच्या रिॲक्टरमध्ये खरोखर किती पाणी मागे राहतं ते मोजा. '१०० लिटर' हा अंदाज साइट ग्लास (ड्रेन लाइनमधली काच) बघून केलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंना चुकतो. मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. तिन्ही वॉशच्या पाण्याचा ड्रेनच्या मध्यावर एक-एक नमुना घ्या, बोअरचा एक घ्या, आणि चारही सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करून क्लोराइड मोजा. नमुने आम्ल असतील तर आधी न्यूट्रल करून घ्या, नाहीतर मोहरच्या पद्धतीत (याच टायट्रेशनमध्ये) शेवट दाखवणारा क्रोमेटचा रंग नीट येत नाही. मग प्रत्येक वॉशच्या आकड्यातून बोअरचा आकडा वजा करा. वरचं गणित खरं असेल तर तुम्हाला लिटरला साधारण १०.५, २.२ आणि ०.८ ग्रॅम मिळतील, बोअरचे ०.५ वजा केले की १०, १.७ आणि ०.३. दर वेळी सहावा हिस्सा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून जो अपूर्णांक येईल त्यावरून मागे राहिलेलं पाणी निघतं: वॉशचं पाणी गुणिले अपूर्णांक, भागिले (१ वजा अपूर्णांक). ५०० लिटरच्या वॉशला ०.१७ आलं तर १०२ लिटर. ०.२५ आलं तर १६७ लिटर, म्हणजे साइट ग्लासपेक्षा बरंच जास्त पाणी कुठेतरी अडकून आहे. कंडक्टिव्हिटी मीटरनेही झटपट अंदाज येतो, पण दाट मिठाच्या पाण्यात वाचन सरळ प्रमाणात राहत नाही. पहिल्या वॉशसाठी टायट्रेशनच धरा.

या तीन आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. पहिल्या-दुसऱ्या वॉशमध्ये सहावा हिस्सा आणि दुसऱ्या-तिसऱ्यात एकदम निम्मा आला, तर क्लोराइड फक्त उरलेल्या पाण्यातून येत नाही, टोल्युइनमधूनही हळूहळू सुटतंय. त्याकडे शेवटी येतो.

पाणी मागे राहतं ते तीन ठिकाणी: तळाच्या डिशमध्ये (बशीसारख्या गोलसर तळात) इंटरफेसखाली, वर टोल्युइनमध्ये धुक्यासारखं तरंगणाऱ्या थेंबांत, आणि भिंती, ॲजिटेटर, बॅफल यांना चिकटून. पाइपलाइनचा हिशेब वेगळा, तो पुढे.

डिशचं आधी बघू, कारण सगळ्यात मोठा वाटा तिथला. रिॲक्टरचा व्यास १.४ मीटर आणि तळाच्या डिशच्या गोलाईची त्रिज्याही तेवढीच धरली, तर १०० लिटर पाण्याची मध्यावरची खोली साडेपंधरा सेंटिमीटर असते आणि २० लिटरची जेमतेम ७ सेंटिमीटर. आपण झगडतोय ते या साडेआठ सेंटिमीटरसाठी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पाण्याचा थर पातळ झाला की नोझलच्या वर खळगा पडतो आणि टोल्युइन मधूनच खाली ओढलं जातं, आजूबाजूला पाणी शिल्लक असतानाच. साइट ग्लासमध्ये टोल्युइन दिसलं म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करतो. त्याचं काही चुकत नाही. प्रवाहाचा वेग त्याला फसवतो. या खळग्याची खोली प्रवाहाच्या ०.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. प्रवाह दहावा हिस्सा केला तर खोली ४० टक्क्यांवर येते, आणि डिशमधलं पाणी खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे मागे राहणारं पाणी जवळपास एक षष्ठांश होतं. फक्त शेवटी व्हॉल्व्ह आवळल्याने इतका फरक पडतो.

म्हणून ड्रेन दोन वेगांत करा. पहिला ८० टक्के भाग नेहमीच्या वेगाने जाऊ द्या. नंतर व्हॉल्व्ह आवळून मिनिटाला ६ ते १० लिटरवर आणा. बॉटम व्हॉल्व्हने एवढं बारीक नियंत्रण होत नाही, आणि फ्लश बॉटम व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून त्याची सीट खराब करू नये. साइट ग्लासच्या खाली एक बॉल किंवा डायफ्राम व्हॉल्व्ह असेल तर नियंत्रण त्याने करा. इंटरफेस आला की बंद करा, ॲजिटेटर सगळ्यात कमी आरपीएमवर एक-दोन मिनिटं फिरवून थांबवा, पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळू काढा. डिशच्या उतारावर आणि ॲजिटेटरच्या पात्यांवर अडकलेलं पाणी या दुसऱ्या कापात येतं. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा किती निघतं ते मापाच्या भांड्यात घ्या. वरिष्ठांना पटवायला त्याचा उपयोग होईल.

आता माल जाण्याची भीती. ती रास्त आहे. लिटर टोल्युइनमध्ये २०० ग्रॅम माल आहे, १० लिटर ईटीपीला गेलं की २ किलो माल गेला, वर ईटीपीला त्रास. पण भीतीवरचा इलाज १०० लिटर पाणी मागे ठेवणं हा नव्हे. मधला कट वेगळा घ्या. साइट ग्लासच्या खाली दोन फाटे करा: एक एफ्लुएंट टाकीला, दुसरा २०० लिटरच्या एसएस (स्टेनलेस स्टील) रिसीव्हरला. साइट ग्लासमध्ये पहिली लहर दिसली की फाटा बदला आणि २०-३० लिटर रिसीव्हरमध्ये घ्या, स्वच्छ टोल्युइन सलग दिसेपर्यंत. पाणी आणि टोल्युइन यांचा अपवर्तनांक १.३३ आणि १.५० असा वेगळा असल्यामुळे लहर नीट दिसते, फक्त मागे दिवा हवा आणि काच स्वच्छ हवी. रिसीव्हर स्थिर होऊ द्या, खालचं पाणी काढा, वरचं टोल्युइन पुढचा वॉश देण्याआधी रिॲक्टरमध्ये परत घ्या. त्यामुळे तेही पुढच्या वॉशमध्ये धुतलं जातं. शेवटच्या वॉशच्या मधल्या कटाचं काय करायचं हे तुमच्या उत्पादनावर आहे. बॅचेस एकमेकांत मिसळायची परवानगी असेल तर पुढच्या बॅचच्या पहिल्या वॉशमध्ये घ्या. औषधी इंटरमिजिएट असेल आणि बॅच रेकॉर्डमध्ये तशी तरतूद नसेल तर सॉल्व्हंट रिकव्हरीला द्या. अगदी सगळा कट टोल्युइनचा निघाला तरी ५-६ किलोचा प्रश्न आहे, आणि नापास बॅच ३०० किलोची असते.

दुसरं ठिकाण, टोल्युइनमधले थेंब. टोल्युइनमध्ये पाणी प्रत्यक्ष विरघळतं अगदी थोडं, साधारण ०.०५ टक्के, त्याचं काही बिघडवत नाही. पण टोल्युइन धुरकट दिसत असेल तर त्यात अर्धा टक्का पाणी सहज तरंगत असू शकतं. १५०० लिटरवर ते साडेसात लिटर झालं. थेंब खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर असतो. घनतेत घनमीटरला १०० किलोचा फरक आणि टोल्युइनची नेहमीची व्हिस्कॉसिटी धरली तर १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर उतरायला १८-२० मिनिटं घेतो. २० मायक्रॉनचा थेंब साडेसात तास. तेव्हा 'अर्धा तास सेटल करा' या सूचनेला अर्थ आहे की नाही, हे ढवळताना थेंब किती बारीक झाले त्यावर ठरतं. जोरात ढवळलं म्हणजे जास्त धुतलं गेलं, हा समज सोडा. मीठ आधीच पाण्यात आहे, त्याला फक्त नवीन पाण्यात मिसळायचं आहे. पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी पाण्याचा नमुना घेऊन बघा; क्लोराइड सारखंच आलं तर दहा मिनिटं पुरे.

वॉशचं पाणी फार कमीही करू नका. २०० लिटरचा थर तुमच्या डिशमध्ये २२-२३ सेंटिमीटरचा होईल. ॲजिटेटर अँकर किंवा तळालगतचा असेल तर मिसळेल. टर्बाइन वर असेल तर पाणी खाली तसंच पडून राहील आणि गणित फक्त कागदावर राहील. अशा वेळी ३०० लिटर घ्या.

बडोद्यात ऋतूचाही फरक जाणवतो. मे महिन्यात जो लेअर वीस मिनिटांत आरशासारखा वेगळा होतो, तोच जानेवारीच्या पहाटे तासभर धुरकट राहतो, कारण थंडीत व्हिस्कॉसिटी वाढते आणि मालही इंटरफेसवर सुटायला लागतो. बॅच कार्डवर वेळेबरोबर तापमानही लिहा. जॅकेटला कोमट पाणी देऊन ४०-४५ अंशांवर वॉश केला तर बहुतेक वेळा सुटका होते, माल त्या तापमानाला टिकत असेल तर.

इंटरफेसवर साय आल्यासारखा जाड थर जमत असेल तर तो बहुतेक बारीक घनकणांमुळे टिकून असतो. पहिल्या वॉशच्या आधी हायफ्लोच्या (गाळायला वापरायच्या पावडरीच्या) बेडमधून एकदा गाळून घ्या. इमल्शन मोडायला लोक मीठ टाकतात. तुम्ही टाकू नका, क्लोराइडसाठीच तर झगडताय. दुसऱ्या वॉशमध्ये २-३ टक्के सोडियम सल्फेट चालेल. शेवटचा डीएमचा वॉश मात्र स्वच्छच हवा, नाहीतर क्लोराइड जाऊन सल्फेटेड ॲश (माल जाळल्यावर उरणारी क्षारांची राख) वाढेल. डीएम पाण्यात मीठ नसल्यामुळे तिथेच इमल्शनची शक्यता जास्त असते, म्हणून तो वॉश सगळ्यात हळू ढवळायचा.

पाइपलाइनबद्दल सांगतो, कारण एरवी बरे येणारे रिझल्ट एखाद्या बॅचला अचानक उडी मारतात त्याचं कारण बरेचदा इथे सापडतं. ५० मिलिमीटर पाइपमध्ये मीटरला साधारण २ लिटर मावतं. बॉटमच्याच लाइनने तुम्ही धुतलेलं टोल्युइन डिस्टिलेशनला नेत असाल आणि त्या लाइनच्या एखाद्या मृत फाट्यात पहिल्या मिठाच्या पाण्याचे २ लिटर अडकले असतील, तर १२० ग्रॅम क्लोराइड एकदम मालात जातं. ४०० पीपीएम. सगळी मेहनत वाया. ट्रान्स्फरआधी लाइन डीएम पाण्याने धुवा, सगळ्यात खालचा बिंदू उघडून निथळा, आणि टोल्युइनचे पहिले काही लिटर रिसीव्हरमध्ये घ्या. लाइनला उतार आहे का, हे लेव्हलने तपासा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

सुरक्षेबद्दल काही गोष्टी सांगितल्याशिवाय ही पद्धत सुचवणं बरोबर नाही. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) ४ अंश आहे. २५ अंशांना त्याच्या वाफेचं हवेतलं प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास जातं आणि पेट घेण्याची कक्षा साधारण १.१ ते ७.१ टक्के आहे. म्हणजे नायट्रोजन नसलेला रिॲक्टर नेहमीच्या तापमानाला त्या कक्षेच्या मध्यात असतो. ४५ अंशांना वाफ कक्षेच्या वर जाते म्हणून निर्धास्त होऊ नका. ड्रेन करताना हवा आत ओढली गेली की ती पुन्हा कक्षेत येते. ड्रेनच्या पूर्ण काळात नायट्रोजन सुरू हवा. त्यामुळे आत व्हॅक्यूम होत नाही आणि प्रवाह ढकढक न होता एकसारखा राहतो. ढकढक प्रवाहात इंटरफेस नेमका कधी आला ते कळतच नाही. टोल्युइन वीज वाहून नेत नाही, आणि त्यात पाण्याचे थेंब असले की स्थिर वीज जास्त साठते. दोन लेअर एकत्र वाहत असताना वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा, ५० मिलिमीटर लाइनला मिनिटाला सुमारे १२० लिटर. मधला कट प्लास्टिकच्या ड्रममध्ये किंवा उघड्या बादलीत घेऊ नका. रिसीव्हर एसएसचा, बंद, अर्थिंग केलेला आणि व्हेंट जोडलेला हवा. नमुनाही ढवळणं थांबवून काही मिनिटं गेल्यावरच काढा.

आता हे सगळं कधी लागू पडत नाही ते.

वरचं गणित मीठ फक्त पाण्यात राहतं असं धरून आहे. तुमची अशुद्धी टोल्युइनमध्येही विरघळत असेल, उदाहरणार्थ ॲसेटिक आम्ल किंवा एखादं अमाइन, तर तळाशी किती उरलं याला फारसं महत्त्व राहत नाही. समजा टोल्युइनमधलं तिचं प्रमाण पाण्यातल्याच्या एक पंचमांश आहे. १५०० लिटर टोल्युइन मग तिच्यासाठी ३०० लिटर पाण्यासारखं वागतं. ५०० लिटरचे तीन वॉश दिले तर सुमारे ५ टक्के शिल्लक राहते, १५०० लिटरचा एकच दिला तर १७ टक्के. तिथे वॉशची संख्या वाढवायची, आणि पीएच बदलून अशुद्धीला पाण्याकडे ढकलायचं. तिसऱ्या वॉशचा हिस्सा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर हीच शक्यता आधी तपासा. अमाइन हायड्रोक्लोराइड असं हळूहळू सुटत राहतं.

दुसरी शक्यता, क्लोरीन मालाच्या रेणूला किंवा न संपलेल्या कच्च्या मालाला जोडलेलं आहे आणि तुमची चाचणी एकूण क्लोरीन मोजते. पाण्याने ते जाणार नाही, कितीही वॉश द्या. मालाचा नमुना टोल्युइनमध्ये विरघळवून डीएम पाण्याने काढा आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाका. गढूळ झालं नाही तर प्रश्न धुण्याचा नाही, रिॲक्शनचा आहे.

डायक्लोरोमिथेनसारखं जड सॉल्व्हंट असेल तर लेअर उलटे होतात. माल खालून निघतो, पाणी मागे राहतं, आणि सगळा भर थेंब बसू देण्यावर येतो.

फारसा खर्च न करता करता येण्यासारखं आणखी एक: टोल्युइन उडवताना सुरुवातीला पाणी ॲझिओट्रोपने निघून गेलं की डिस्टिलेशन थांबवा आणि गरम असतानाच बारीक फिल्टरमधून माल गाळा. कोरड्या टोल्युइनमध्ये मीठ विरघळत नाही, ते कण होऊन बसलेलं असतं. फिल्टरच्या कापडावर पांढरी पूड दिसली तर तीच तुमची शिल्लक. पुढच्या बॅचला हे लगेच करता येईल, लेअर कापायची पद्धत बदलेपर्यंत. पण यावरच अवलंबून राहू नका, अगदी बारीक कण कापडातून निसटतात.

ईटीपीच्या मित्रांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. लिटर पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम टोल्युइन विरघळतं, आणि ते लेअर कितीही चांगला कापला तरी पाण्याबरोबर जातंच. ३००० लिटर वॉशबरोबर दीड किलो टोल्युइन म्हणजे साडेचार किलोहून जास्त सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं, लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं माप), दर बॅचला. ६०० लिटरबरोबर त्याचा पाचवा भाग. मिठाचं तर जैविक प्रक्रियेत काहीच होत नाही. ते जसंच्या तसं पुढे जातं, इथल्या कारखान्यांचं पाणी खंभातच्या आखाताकडे नेणाऱ्या सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यात. म्हणून पहिलं दाट मिठाचं पाणी वॉशच्या पाण्यात मिसळू नका, वेगळ्या टाकीत घ्या. ते थोडं आणि दाट असतं, त्याची सोय वेगळी लावता येते.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात एका बॅचचे चार नमुने टायट्रेट करा आणि मागे राहणारं पाणी काढा. पुढच्या बॅचला वॉश ५०० चेच ठेवून फक्त शेवटचा डीएमचा करा आणि ड्रेन दोन वेगांत, दोनदा करा. त्याचा आकडा आला की मगच वॉश ३०० किंवा २०० वर आणा. ही पद्धत आणि वॉशचे लिटर एकाच बॅचमध्ये बदलले तर कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही, आणि वरिष्ठ पुन्हा पाणी वाढवायला सांगतील. ॲजिटेटर कोणता आहे, बॉटम नोझलचा व्यास किती आणि बोअरचं क्लोराइड किती आलं, एवढं कळवलंत तर दुसऱ्या टप्प्यातला वॉश नेमका किती लिटरचा ठेवायचा ते सांगतो.